स्टॉपरची जागा

हस्ताचा पाऊस उघडला की सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर चुन्याची फक्की पडते. पावसाळाभर तिथं लव्हाळा माजलेला असतो, म्हशी बसून गेलेल्या असतात, एखाद्या कोपऱ्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू तसेच पडून असतात. मग एका सकाळी शिपाई डबा घेऊन येतो आणि ओल्या काळ्या मातीवर पांढऱ्या रेघा ओढतो. डावीकडच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं असतं, म्हणून तिथं रेघ थोडा वळसा घालून जाते. पाणी आटल्यावरही तो वळसा कुणी सरळ करत नाही. बाहेरगावचे संघ हरकत घेतात, पंच डोकं खाजवतात, आणि वर्षभर तीच मैदानाची हद्द राहते.

ओल्या मातीवरच्या फक्कीला एक वास असतो. कामावर जाताना स्कूटर हळू केली की तो नाकात शिरतो, आणि आता घोरपडेचा फोन येणार हे मला कळतं.

घोरपडे कॉलेजचा क्रीडाशिक्षक. आम्ही दोघं याच कॉलेजच्या फुटबॉल संघात होतो. तो फॉरवर्ड, मी राखीव. मुलं त्याला सर म्हणतात आणि तो मला हवामान खातं म्हणतो.

"काय हवामान खातं, झालं का भाकीत?"

"अजून सराव बघायचाय थोडा."

"बघ की. फक्त स्टॉपरची जागा मोकळी सोड."

"का?"

"का म्हणजे? तुझा भाचा येतोय न्हवं माघारी."

"येतोय का नाही ते ठरायचंय अजून."

"फौजेत चौघांतला एक ठेवत्यात गड्या. तू आकड्यातला माणूस. तूच सांग."

आकडा मला माहीत होता. तो मला कधी आवडला नव्हता, एवढंच.

भाकीत म्हणजे काय ते सांगायला हवं. खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार असेल त्याची तो पूजा करतो. शेतकरी कोयता-खुरप्याची, गवंडी थापीची. आमच्या कॉलेजच्या संघात बुटांची पूजा होते. आदल्या दिवशी मुलं बूट घासून धुतात, सतरंजीवर ओळीनं मांडतात. मध्ये चेंडू, त्यांना हळदीकुंकू, प्रत्येकाला झेंडूचं एकेक फूल. गोलीचे हातमोजे, घोरपडेची शिट्टी, सगळं मांडलेलं असतं. त्या दिवशी चेंडूला पाय लावायचा नाही. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं की मी उभा राहतो आणि येणाऱ्या हंगामाचं भाकीत वाचतो. एकेका खेळाडूचं नाव, त्याला काय येतं आणि काय येत नाही. एका वर्षी घोरपडेनं आयत्या वेळी "दोन शब्द बोल" म्हटलं. मला भाषण जमत नाही, म्हणून सरावात जे दिसलं होतं ते सांगून टाकलं. मुलांना राग येईल असं वाटलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारलं, "काका, भाकीत कधी?"

मी पाटबंधारे खात्यात आहे. वर कोयनेकडं, महाबळेश्वरकडं पडलेलं पाणी खाली सांगलीच्या पुलाशी किती चढेल, कधी चढेल, ते बघणं हे माझं काम. लोकांना वाटतं आम्ही पाऊस सांगतो. आम्ही पाऊस सांगत नाही. पडून गेलेलं पाणी सांगतो. जे अजून ढगात आहे त्याबद्दल मी कधी कुणाला काही सांगितलेलं नाही, ऑफिसातही नाही आणि मैदानावरही नाही.

तर यंदाचा संघ. गोली मिरजेचा आहे. उंच, हाताला पक्का, चेंडू चिकटल्यासारखा धरतो. पण मागून हाक देत नाही. अवघा संघ त्याच्यापुढं पाठ करून उभा असतो, त्याला सगळं दिसतं, आणि तो गप्प. हॉर्न नसलेल्या एसटीत बसल्यासारखं वाटतं. डावा विंग वाऱ्यासारखा पळतो, मान खाली घालून. मान वर काढतो तेव्हा मैदान संपलेलं असतं. मधले दोघे हाफ तासगावकडचे सख्खे चुलतभाऊ. त्यांचा एकमेकांना दिलेला पास बघत राहावा असा. पण सध्या द्राक्षाची छाटणी चालू आहे, तेव्हा ते सरावाला दोघंही नसतात किंवा एक असतो आणि दुसऱ्याला शोधत असतो. फॉरवर्ड फक्त उजव्या पायानं मारतो, आणि हे त्याच्याखेरीज आता जिल्ह्यातल्या सगळ्यांना कळलेलं आहे. थोडक्यात, संघ पुढून बरा, मध्ये छाटणी उरकल्यावर चांगला, आणि मागून उघडा.

मागून उघडा, कारण स्टॉपर. बचावाच्या अगदी मध्ये उभा राहणारा, ज्याच्या मागं फक्त गोली उरतो, तो माणूस. यंदा त्या जागेवर तुषार नावाचा मुलगा आहे. आटपाडीकडचा. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून मी गोलच्या मागं जाऊन उभा राहिलो, आणि उभ्याउभ्या चार वर्षं मागं गेलो.

ओंकार माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा मुलगा. सुमनला म्हसवडजवळ दिली आहे. जमीन आहे, पण पाऊस येईल तेव्हा. थोडी मेंढरं आहेत. नवरा मुंबईला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, सासरे फौजेतले, जुन्या भरतीतले, पेन्शन घेऊन परत आलेले. त्यांच्या पेन्शनवर ते घर उभं राहिलं, हे घरात शिरल्यावर पहिल्यांदा दिसतं, कारण समोरच त्यांचा गणवेशातला फोटो आहे. ओंकार बारावी झाला आणि सुमन त्याला आमच्याकडं सोडून गेली. "दादा, पदवी होऊ दे. मग भरतीला जाईल," म्हणाली. पदवी हे त्या घरात भरतीपर्यंत वेळ काढायचं साधन होतं. त्यात काही वाईट नव्हतं.

तो मुरमावर फुटबॉल शिकला होता. माण तालुक्याच्या माळावर पडलं की कोपराची साल जाते, म्हणून तिकडची मुलं पडायचं टाळतात. ओंकार उभ्यानं चेंडू काढायचा. समोरचा कितीही हुलकावणी देऊ दे, हा थांबून बघायचा आणि नेमक्या वेळी पाय घालायचा. पहिल्या पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत तो पहिल्यांदा घसरून आडवा पडला. उठला, दोन्ही कोपर वळवून बघितले आणि मला म्हणाला, "मामा, हितं पडल्यालं कळतच न्हाई की." त्यानंतर तो मुद्दाम पडायचा. चिखलात लांब घसरत जायचा आणि चेंडू घेऊन उठायचा. चिखल घरभर व्हायचा. माझी बायको मंगल म्हणायची, "भाचा आणलाय का म्हैस?" पण त्याचे कपडे तीच भिजत घालायची.

तो आवाज मला अजून आठवतो. दोन माणसांचे बूट एकाच वेळी एकाच चेंडूवर पडतात तेव्हाचा. धप्प, असा बसका. मैदानाच्या कडेला पाठ करून चहा पीत असलो तरी त्या आवाजावरून मला कळायचं, ओंकारनं पाय घातला. तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात तर संध्याकाळी सारखा तो आवाज यायचा, कारण त्याचं बघून सगळेच पाय घालायला शिकले होते. मी मनात धरलं होतं की मी बघितलेला सगळ्यांत चांगला संघ हाच.

गणपतीत भरतीची बातमी आली. नवी भरती, चार वर्षांची. चार वर्षांनी चौघांतला साधारण एक कायम, बाकीचे घरी. लोक पारावर बसून त्यावर पुष्कळ बोलत होते. संघातली मुलं काही बोलत नव्हती. ती पहाटे बायपासला पळायला जायला लागली. संध्याकाळी सरावाला येत ती आणखी चपळ होऊन. घोरपडे खूश होता. "बघ, दम बघ पोरांचा," म्हणायचा.

पण आवाज येईनासा झाला.

मला आधी काय चुकतंय ते कळेना. मुलं पळत होती, उड्या मारत होती, पास जात होते. मग एकदा गोलच्या मागून बघितलं. चेंडू मैदानाच्या मधोमध सुटा घरंगळत होता. एका बाजूनं ओंकार आला, दुसऱ्या बाजूनं आमचाच फॉरवर्ड. दोघंही जोरात. आणि चेंडूपासून हातभर अंतरावर दोघांनीही वेग कमी केला. दोघांनीही पाय काढून घेतला. चेंडू दोघांच्या मधून आपला आपण निघून गेला, रेघेच्या वळशापर्यंत गेला आणि डबक्यात थांबला. कुणी चिडलं नाही. ती दोघं एकमेकांकडं बघून हसली. त्या हसण्याची मला धास्ती वाटली. संघातल्या भांडणाची मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकार पळायला जाऊन आला आणि ओट्याशी उभा राहून भिजवलेले हरभरे खायला लागला. भरतीपुरता त्याचा खुराक मंगलनं अंगावर घेतला होता. हरभरे, केळी, उकडलेली अंडी. अंड्यांना वेगळं पातेलं.

"ओंकार, काल तू पाय काढून घेतलास."

"व्हय मामा."

सबब सांगेल असं वाटलं होतं. तो हरभरे चावत राहिला.

"का?"

"मेडिकलला गुडघं बघत्यात. आमच्या गावचं येक पोरगं पळण्यात पुढं आलं, आन् गुडघ्यापायी घरी पाठवलं. कबड्डीत गेल्याला त्येचा गुडघा."

"मग खेळू नकोस ना यंदा."

"सरांना काय सांगू? आन् मला खेळायचं बी हाय. पळायला येतंय, हेडिंग मारायला येतंय. निस्तं पाय घालायचं न्हाई. तेवढंच."

"तेवढंच म्हणे," मंगल तव्यावरून न वळता म्हणाली. "भाकरी करायची, नुसतं पीठ घ्यायचं नाही. तेवढंच."

ओंकारला हसू आलं. मग त्यानं विचारलं, "भाकितात लिव्हणार?"

"दिसलं ते लिहितो."

"लिव्हा. खरं हाय ते. पर आईला सांगू नगा. तिला वाटंल मी भ्यालो."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी वाचलं. स्टॉपर, ओंकार: जागा बरोबर धरतो, हेडिंग उत्तम, पाय काढून घेतो. मुलं सहसा वाचनात एकमेकांना कोपरखळ्या मारतात. त्या वेळी सगळी समोरच्या बुटांकडं बघत बसली, कारण पुढच्या पाच-सहा नावांपुढं मला तेच वाक्य पुन्हा वाचावं लागलं. पाय काढून घेतो. पाय काढून घेतो. बुटांवर झेंडूची फुलं होती, आणि बूट इतके स्वच्छ की त्यांना यंदा दुसऱ्या कुणाचा बूट लागलेला नाही हे नुसतं बघून कळत होतं.

घोरपडे नंतर म्हणाला, "हे भाकीत न्हवतं गड्या. मेडिकल रिपोर्ट वाचलास तू."

पहिलाच सामना आम्ही हरलो. मी रजा काढून गेलो होतो. हरतात संघ, त्याचं काही नाही. पण तो एक गोल मला विसरता येत नाही. त्यांचा फॉरवर्ड मधून निघाला. ओंकार त्याच्या बाजूनं निघाला. वेगात ओंकार तसूभर कमी नव्हता. तो त्याच्या खांद्याला खांदा लावून पळत गेला, पावलाला पाऊल, पार गोलपर्यंत, आणि त्यानं पाय घातला नाही. पाहुण्याला स्टँडवर सोडायला जावं तसा तो त्याला गोलपर्यंत सोडून आला. गोल झाल्यावर त्या फॉरवर्डनंच ओंकारकडं वळून बघितलं. त्यालाही समजलं नव्हतं.

येताना बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. हरलेल्या संघाची गाणी असतात तशी नव्हती ती. सगळ्यांचे पाय शाबूत होते.

दिवाळीनंतर भरतीत ओंकार निवडला गेला. पळण्यात, मेडिकलला, लेखीला, सगळ्याला. संक्रांतीच्या सुमाराला तो गेला. पदवीचं शेवटचं सत्र राहून गेलं. सुमननं गावात पेढे वाटले, सासऱ्यांनी फोटोखाली खुर्ची टाकून आल्यागेल्याशी हस्तांदोलन केलं, आणि मी तिथं उभा राहून मनाशी म्हटलं की एक सामना आणि एक घर, यांत तोलायचं ते काय. आजही माझं मत तेच आहे. तरी तो खांद्याला खांदा लावून पळत गेलेला ओंकार डोळ्यांसमोरून हटत नाही.

या हिवाळ्यात त्याची चार वर्षं पुरी होतात. आंतरमहाविद्यालयीन सामने यंदा उशिरा आहेत, जानेवारीच्या शेवटी. त्याला ठेवलं नाही तर तो राहिलेल्या सत्राला प्रवेश घेऊ शकतो. वयातही बसतो. घोरपडेनं हे सगळं माझ्याआधी बघून ठेवलं आहे. तो वाईट माणूस नाही. ओंकारचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही येणार नाही. पण माणसाला एखादी गोष्ट फार दिवस मिळाली नसली की तो दुसऱ्याच्या अडचणीतून वाट दिसली तरी तिकडं बघतो. मी त्याला नावं ठेवत नाही, कारण गोलच्या मागं उभा असताना मीही तो संघ एकदा मनात मांडून बघितला. मिरजेचा गोली, पुढं ओंकार, त्याच्यापुढं तासगावचे दोघं. चांगला दिसत होता. मग ओंकार तिथं उभा आहे म्हणजे तो कुठं नाही हे लक्षात आलं, आणि मी तो संघ मोडून टाकला.

पुढच्याच दिवशी सुमनचा फोन आला. नवरात्राचे उपवास चालू होते, आवाज बारीक झाला होता.

"दादा, सिद्धनाथाला रोज जाऊन येतीय."

"उपवासात चालत जाऊ नकोस एवढं."

"ते जाऊ दे. तुमचं ते वाचायचं असतंय न्हवं, पोरांच्या नावाचं? घोरपडे सरांनी ओंकारला फोन केल्ता. यंदा तुझी जागा ठिवलीया म्हणालं."

मला घोरपडेचा राग आला. "मग?"

"त्येचं नाव लिव्हू नगंस तू."

"सुमन, माझ्या लिहिण्यानं काही होत नसतं."

"न्हाई कसं? पाणी चढंल म्हणालास तवा चढलं. चुलत्याचं सामान तुझ्या सांगण्यावरनं माडीवर न्हेलं, म्हणून वाचलं."

"ते पाणी वर पडून गेलेलं होतं. मी नुसता हिशेब सांगितला."

"आसंल. मला तुझ्यातलं काय कळत न्हाई. नाव लिव्हू नगंस एवढं ऐक. त्यो तिकडं राहू दे."

मी हो म्हणालो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि ज्याला यंदा मैदानावर बघितलेलं नाही त्याचं नाव मी एरवीही लिहिलं नसतं. म्हणजे नियम आणि बहीण एकाच बाजूला होते. तरी हो म्हणताना मी नियमापायी म्हणालो का तिच्यापायी, हे मला सांगता येणार नाही. फोन ठेवल्यावर मंगलनं विचारलं, "काय म्हणत होत्या?" मी म्हटलं, "नदीचं विचारत होती." मंगलनं माझ्याकडं बघितलं. हस्त संपत आला असताना नदीचं कुणी विचारत नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही पाठ झालेलं आहे.

तर तुषार. गोलच्या मागून मी त्याला बघत होतो. ठेंगणा, मांडीनं भरलेला, नजर चांगली. चेंडू कुठं येणार हे त्याला आधी कळतं. त्याला हुलकावणी देणं सोपं नाही. डाव्या विंगनं चेंडू ढकलला, तुषार बरोबर आडवा आला, चेंडू दोघांच्या मधे आला, आणि मी नकळत कान टवकारले.

आवाज आला नाही. चेंडू घरंगळत रेघेच्या वळशाकडं गेला.

नंतर तो पाणी प्यायला आला. "काका, माझं बघितलं का?"

"बघितलं. भरतीला जायचंय का तुला?"

त्यानं चटकन घोरपडेकडं बघितलं. घोरपडे लांब होता. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुठं पळतोस?"

"बायपासला. पहाटं." मग आवाज उतरवून, "सरांना सांगू नगा. सर म्हणत्यात, चार वर्षासाठी कशाला पाय सांभाळतूस."

घोरपडेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तुषारला मी काय सांगणार होतो? पाय घाल, गुडघा गेला तर जाऊ दे, आपल्याला सामना जिंकायचाय, असं? त्याच्या बापाकडं काय आहे ते मला माहीत नाही, पण आटपाडीकडं पाऊस किती पडतो ते मला रोज सकाळी कळतं. आणि पाय सांभाळ म्हणावं, तर कशासाठी? ओंकारनं सांभाळले. आता त्या पायांवर तो कुठं उभा राहणार आहे, हे चार वर्षांनी त्याला विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, अंगात एवढी रग, आणि ती जपून ठेवायची. एका दारातून आत जायचं म्हणून जपायची, आणि आत गेल्यावर कळतं की खोलीला पलीकडूनही दार आहे आणि ते बाहेर उघडतं. माझ्या वेळी आम्हाला पाय जपावे लागले नाहीत. मी राखीव होतो, तरी माझ्या नडगीवर अजून दोन खुणा आहेत. त्या मी कुणापासून लपवल्या नाहीत, कारण त्या कुणी बघणारच नव्हतं.

असे विचार करून भाकीत पुरं होत नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. गोली झाला, विंग झाले, तासगावकर झाले. स्टॉपरपाशी थांबलो होतो तेवढ्यात ओंकारचा फोन आला. तो आठवड्याला एकदा करतो. मागं शिट्टीचा आवाज येत होता, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं.

"मामा, भाकीत लिवलं का?"

"लिहितोय."

"माझं नाव घातलं न्हाई न्हवं?"

"नाही. का रे? आईनं सांगितलं का तुला?"

"आई काय सांगती? मीच म्हणलं इचारावं. स्टॉपरला कोण हाय मग?"

इतक्या वर्षांत त्यानं गोल किती झाले ते विचारलं होतं, कोण हरलं ते विचारलं होतं. स्टॉपरला कोण हे कधी विचारलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं. मंगलनं तुळशीपाशी दिवा ठेवला होता.

"तुषार म्हणून आहे. आटपाडीकडचा. चांगला आहे."

"पाय घालतोय का?"

"काढून घेतोय."

"भरतीचं बघतोय आसंल."

"हो."

"मग काय लिव्हणार?"

"जे दिसलं ते. तुझंही तसंच लिहिलं होतं."

"व्हय. आठवतंय की." तिकडं शिट्टी पुन्हा वाजली. त्याला जायचं असावं, पण तो गेला नाही. मग मी विचारलं, "तुला काय वाटतं? ठेवतील?"

"हितं समदीच चांगली हाईत, मामा. चौघांतलं चौघं पळत्यात." मग एकदम, जणू मी तेच विचारलं होतं, तो म्हणाला, "माझं गुडघं येकदम चांगलं हाईत अजून. कायबी झाल्यालं न्हाई."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर स्टॉपरच्या जागेपुढं तुषारचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढं जे दिसलं होतं ते लिहिलं. मग आणखी एक वाक्य लिहिलं.

आज खंडेनवमी. सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. सतरंजीवर बूट ओळीनं मांडले होते, चेंडूंना हळदीकुंकू लागलं होतं, तासगावचे दोघंही छाटणी सोडून आले होते आणि त्यांच्या हातांना औषधाचा निळसर रंग होता. खोबरं वाटून झालं. मी उभा राहिलो. गोलीचं वाचताना मुलं हसली, फॉरवर्डचं वाचताना तो स्वतः हसला. मग वाचलं, "स्टॉपर, तुषार. नजर चांगली, जागा बरोबर धरतो. पाय काढून घेतो. गुडघे चांगले आहेत."

घोरपडेनं मान वर केली. मोकळ्या जागेऐवजी तिथं नाव ऐकून का त्या शेवटच्या वाक्यामुळं, ते मला कळलं नाही. त्यानं चेंडूवरचं एक झेंडूचं फूल उचललं आणि सारखं करून परत ठेवलं.

सगळे उठले, बूट गोळा करायला लागले. तुषार आपला जोड छातीशी धरून माझ्याकडं आला. बूट कोरे करकरीत दिसत होते.

"काका, ते शेवटचं लिव्हलंय ते चांगलं का वाईट?"

मी कागदाची घडी घालत होतो. घडी घालून झाली तरी तो उभाच होता.

"अजून कळायचंय," मी म्हणालो.